आमची विहीर आणि माझं तळघर

गिरगावातल्या आमच्या वाडीच्या विहिरीचं पाणी गेल्या उन्हाळ्यात आटलं. ते माझ्यामुळे आटलं. वाडीत आता हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी एकदा नीट लिहून ठेवावं असं वाटतं. अडचण अशी की त्या विहिरीबद्दल लिहायला बसलो की मन आधी जुन्या दिवसांकडे पळतं आणि तिथेच रमतं. तर आधी तिथूनच सुरुवात करतो.

मी इमारती आणि वसाहतींचे आराखडे करतो. परळला एका बंद गिरणीच्या आवारात आमचं ऑफिस आहे. उद्याचं शहर जंगलासारखं चालायला हवं, हा गेली काही वर्षं आमचा ध्यास आहे. जंगलात कचरा नावाची वस्तू नसते, एकाने टाकलेलं दुसऱ्याच्या पोटात जातं, पाणी घाईने निघून जात नाही, थांबत थांबत मुरतं. मग शहरातल्या माणसानेच सगळं उचलून देवनारच्या कचरा डेपोत आणि समुद्रात का फेकावं? पडद्यावर चित्रं दाखवत मी हे बोलतो तेव्हा समोरची माणसं माना डोलावतात. हे कुठे शिकलात, असं कोणी विचारलं तर मी कॉलेजचं नाव सांगतो. खरं म्हणजे हे मला वाडीत राहून कळलं होतं. तेव्हा त्याला काही नाव नव्हतं, एवढंच.

आमची वाडी म्हणजे समोरासमोर दोन दुमजली चाळी, मध्ये फरशीचं अंगण आणि अंगणाच्या मागच्या टोकाला विहीर. मलेरियावाल्यांच्या धाकाने तिच्यावर लोखंडी जाळी बसवलेली, आणि जाळीला बादली जाईल एवढं झाकण. प्यायला आणि स्वयंपाकाला नळाचं पाणी, बाकी सगळ्याला विहिरीचं. माणसं बहुतेक कोकणातली, त्यामुळे घरोघरी रोज नारळ फुटायचा. करवंट्या आणि नारळाची सोडणं आंघोळीच्या बंबात जायची. बंबाची राख भांडी घासायला. भांडी विहिरीपाशीच घासली जायची आणि ते राखेचं पाणी एका उघड्या पन्हळीतून मागच्या केळींना मिळायचं. केळी अशा माजलेल्या असायच्या की बारसं असो, सत्यनारायण असो, पानं कधी बाजारातून आणावी लागली नाहीत. पंगत उठली की उष्टी पानं गोळा करून देवळाबाहेर गाय घेऊन बसणाऱ्या बाईकडे पोचवायचं काम आम्हा पोरांचं. गाय ते पान शांतपणे चावायची. ते बघताना एक काम पुरतं संपलं असं वाटायचं. आज मी कितीही चांगलं चित्र काढलं तरी तसं वाटत नाही.

मासे धुतलेलं पाणी शेवग्याच्या बुंध्याशी ओतायचं, हाही नियमच. आमच्या वरच्या मजल्यावर एक शाकाहारी कुटुंब होतं. त्यांच्या घरातल्या बाई म्हणायच्या, ह्या शेंगांना वशाट वास येतो. म्हणायच्या आणि न्यायच्या.

विहिरीत कासव होतं. ते कोणी सोडलं हे आमच्या आधीच्या पिढीलाही सांगता येत नव्हतं. ते डासांच्या अळ्या खातं, अशी मोठ्यांची समजूत होती. त्यांच्या लेखी ते तिथे नोकरीला होतं. आम्ही कणकेच्या गोळ्या टाकायचो. परीक्षेला जाताना ते वर दिसलं तर पेपर सोपा. मे महिन्यात आंबे जाळीच्या पिशवीत घालून पाण्यात सोडायचे आणि दुपारी गार करून काढायचे. पिशवी कोणाची आणि आंबे कोणी खाल्ले यावरून एकदा दोन घरांमध्ये दिवाळीपर्यंत अबोला होता.

हे मी थोडं गोड करून सांगतोय, मला कळतंय. संडासापुढे रांगा होत्या, केळींच्या मागे घुशी होत्या. आईचे हात राखेने फाटायचे आणि ती रात्री त्यांना खोबरेल चोळत बसायची. बंब गेले आणि गॅसचे गिझर आले तेव्हा सर्वात जास्त आनंद तिलाच झाला होता. पण केळी, शेवगा, कढीपत्ता आणि विहीर राहिली. आई गेल्यावर बाबा तिथे एकटे राहू लागले. मी तोवर बायको आणि मुलीला घेऊन दादरला गेलो होतो.

वाडीच्या मागच्या भिंतीला लागून एक पडायला आलेली चाळ होती. ती पाडून तिथे टॉवर उभा करायचं ठरलं आणि ते काम आमच्या ऑफिसकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. बाबांनी वाडीत पेढे वाटले. मी त्या टॉवरमध्ये मनापासून जंगल उतरवलं. दर काही मजल्यांनंतर एक बाग. आंघोळीचं पाणी कर्दळींच्या वाफ्यांतून गाळून पुन्हा वापरायचं. ओल्या कचऱ्याचं खत त्याच बागांना. आणि पावसाचा थेंबही गटारात जाऊ द्यायचा नाही. तो साठवायला जमिनीखाली मोठ्या टाक्या. गाड्यांसाठी दोन तळघरं लागणारच होती, टाक्या त्यांच्या खाली, तिसऱ्या थरात. म्हणजे खड्डा तीन मजले खोल.

इथे एक सांगायला हवं. आमच्या धंद्यात प्लॉटची हद्द जाड लाल रेघेने दाखवतात. रेघेच्या आत प्रत्येक झाडाचं खोड, प्रत्येक पाइप काढतात. रेघेबाहेर कागद पांढरा असतो. तिथलं काही काढायची पद्धतच नाही, ती दुसऱ्याची जागा. त्या पांढऱ्या कागदावर, रेघेपासून बोटभर अंतरावर, आमची विहीर होती. मी महिनोन्‌महिने त्या कागदावर वाकून काम केलं. जंगलाचं चित्र काढत होतो आणि जंगलाला कुंपण घातलंय हे माझ्या लक्षात आलं नाही. जमिनीखालच्या पाण्याला लाल रेघ दिसत नाही, हे मला शाळेतल्या मुलाइतकंच चांगलं ठाऊक होतं. तरीही.

खड्डा खणला गेला. कडेने भिंत बांधली की बाहेरचं पाणी आत येणार नाही, असा सगळ्यांचा अंदाज होता. पाणी भिंतीखालून आलं. मग पंप बसले आणि दिवसरात्र पाणी उपसून रस्त्याकडेच्या गटारात सोडू लागले. सुरुवातीला ते गढूळ होतं. एका सकाळी मी साइटवर गेलो तर गटारातून काचेसारखं स्वच्छ पाणी धावत होतं. मी तिथे थांबलो. हे पाणी कुठलं आहे ते त्या क्षणी मला कळलं. इंजिनिअर म्हणाला, "साहेब, एकदा तळाचा काँक्रीटचा स्लॅब ओतला की पंप बंद. चारसहा महिन्यांचा प्रश्न." मी बरं म्हणालो. भिंतीपलीकडे वाडी होती, चालत दोन मिनिटं. मी गेलो नाही, गाडीत बसून परळला आलो.

त्यानंतर काही आठवड्यांनी बाबांचा फोन आला. "अरे, विहिरीला काय झालंय बघशील का? बादली चिखलाला लागते. असं कधी झालं नव्हतं."

"उन्हाळा आहे, बाबा."

"उन्हाळे काय कमी पाहिले का रे मी? तुझा विषय आहे म्हणून विचारतो. मी सगळ्यांना सांगितलंय, माझा मुलगा येऊन बघेल."

मी रविवारी येतो म्हणालो, आणि त्या रविवारी काम काढलं. पुढच्याही. लिहायला सोपं आहे, पण हे दोन रविवार मला अजून टोचतात. पाणी गेलं ते अज्ञानाने किंवा बेफिकिरीने गेलं असेल. हे दोन रविवार मात्र मी जाणूनबुजून घालवले.

तिसऱ्या रविवारी सकाळी गेलो. विहिरीभोवती निम्मी वाडी जमली होती. माझा लहानपणापासूनचा मित्र, ज्याचा तळमजल्यावर लग्नपत्रिका छापायचा छोटा प्रेस आहे, जाळीचं झाकण उचलून आत टॉर्च मारत होता. शेजारच्या काकू खुर्ची टाकून बसल्या होत्या. काकू मालवणच्या, सून म्हणून वाडीत आल्या त्याला आता पन्नासएक वर्षं होत आली, पण राग आला की अजून मालवणीत जातात.

"इलो गे, साहेब इलो," काकू म्हणाल्या. "बघ रे बाबा, आमचा पाणी खंय गेला तां."

"काकू, टँकरवाल्याने चोरलं असणार," मित्र म्हणाला. "रात्री येऊन स्ट्रॉ लावली त्याने."

"कोणीतरी बोअर मारलीय," बाबा म्हणाले. "पुढच्या गल्लीत त्या हॉटेलवाल्याने. मी त्याच्याकडे जाऊन आलो, तो कबूल करत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तूच जाऊन त्याला जरा सांग. तुझं ऐकेल."

ऐंशीला टेकलेला माणूस त्या हॉटेलवाल्याशी जाऊन भांडून आला होता, आणि त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. मी म्हणालो, "बाबा, बोअर नाहीये. ते माझ्या खड्ड्यात जातंय."

मग मी भिंतीकडे हात करून सगळं सांगितलं. खड्डा किती खोल आहे, पंप काय करतात, पाणी गटारात कसं जातं. मित्राने टॉर्च बंद केला.

"म्हणजे तू आमच्या बाजूला आमचीच वाट लावत होतास," तो म्हणाला. "आणि मी तुझ्या टॉवरचं ब्रोशर फुकटात छापायला निघालो होतो रे."

"मेल्या, जंगल लावूक आमचाच पाणी गावला तुका?" काकू म्हणाल्या.

बाबांनी एवढंच विचारलं, "तुला माहीत होतं?"

"माहीत असायला हवं होतं," मी म्हणालो.

"मी ते विचारलं नाही."

मी सांगितलं की हो, फोन आला त्याच्या आधीपासून माहीत होतं. बाबा उठले, अंगण ओलांडून वर घरात गेले आणि दार लोटून घेतलं. वाडीत दिवसा कोणी दार लोटत नाही.

कासव तेव्हा विहिरीच्या तळाशी, चिखलात मान आत ओढून बसलं होतं. मित्राने जाळी काढून, दोर लावून खाली उतरून ते वर काढलं. काही दिवस ते बाबांच्या न्हाणीत टबात होतं. मग कोणीतरी म्हणालं की असा प्राणी घरात ठेवणं कायद्याला धरून नाही, आणि प्राण्यांची सोडवणूक करणारी माणसं येऊन त्याला घेऊन गेली. मोकळ्या तळ्यात सोडू म्हणाले. त्याचं भलंच झालं असेल. पण गाडी गेल्यावर वाडीतली मोठी मोठी माणसं उगीच अंगणात उभी राहिली होती.

सोमवारी मी ऑफिसात तळघराचा सर्वात खालचा थर रद्द करा म्हणून भांडलो. टाक्या वर घेऊ, लहान करू. माझे वरिष्ठ सहकारी भले आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अर्धा स्लॅब ओतून झालाय. आणि पाणी साठवायची कल्पना तुझीच होती. आता त्यासाठीच पाणी गेलं असं मी मालकाला कसं सांगू?" अखेर पदरात पडलं ते एवढंच: उरलेल्या स्लॅबखाली आणि भिंतींच्या कडेने जाड खडीचा थर, म्हणजे जमिनीतल्या पाण्याला तळघराच्या खालून आणि बाजूने जायला वाट राहील. शिवाय पंपाचं पाणी गटारात न सोडता पाइपने भिंतीवरून आमच्या विहिरीत सोडायला परवानगी मिळाली. आधी एका पिंपात गाळ बसवायचा आणि मग विहिरीत.

तो पाइप मी स्वतः उभं राहून टाकून घेतला. पाणी विहिरीत पडायला लागलं तेव्हा मित्र म्हणाला, "घे, चोराने माल परत केला." काकू हसल्या. बाबा गॅलरीत उभे राहून बघत होते, खाली आले नाहीत. तरी मला बरं वाटलं. एकाचं टाकलेलं दुसऱ्याला, असं जे मी सांगत फिरतो ते जमिनीवर घडताना दिसत होतं. मी घरी जाऊन मुलीला सांगितलं. दोनतीन आठवडे मी असाच खुशीत होतो.

मग कढीपत्त्याच्या पानांची टोकं करपायला लागली. साबणाला फेस येईना. मी ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावलं. मचूळ होतं. गिरगावात समुद्र काही लांब नाही. जमिनीतलं गोडं पाणी त्याला अडवून धरतं; ते इतके महिने उपसल्यावर खारं पाणी आत सरकलं होतं, माझ्या पंपात आलं होतं, आणि मी ते पाइप लावून विहिरीत ओतत होतो. चूक सुधारायला गेलो तेव्हाही मी पाणी आलं एवढंच पाहिलं. कुठलं पाणी, हे विचारलं नाही.

ह्या वेळी मी रविवारची वाट पाहिली नाही. पाइप काढायला लावला आणि बाबांच्या दारात जाऊन उभा राहिलो. ते कांदा चिरत होते.

"पाइपचं पाणी खारट आहे," मी सांगितलं. "मी आणलेलं. बंद केलंय. झाडांना घालू नका."

"बस," ते म्हणाले. ते चिरत राहिले. मग सुरी खाली ठेवून म्हणाले, "आत्ताच कळलं?"

"आत्ताच. तासाभरापूर्वी."

"मग जेवून जा."

स्लॅब पुरा झाला, पंप बंद झाले. पावसाळा येऊन गेला आणि विहिरीत पाणी चढलं. जुन्या खुणेपर्यंत नाही, पण बादली बुडेल इतकं. गणपती झाल्यावर एका सकाळी सगळे जमले आणि बाबांनी पहिली बादली काढली. त्यांनी चूळ भरली आणि बाजूला टाकली. काकूंनी बोट बुडवून चाटलं.

"खारटच रे," त्या म्हणाल्या. "पण तेवढा नाय."

"काकू, ह्यात सोलकढी करा. मीठ वाचेल," मित्र म्हणाला.

"तुझ्या पत्रिका धू त्यात."

मला विचारलं गेलं, हे कधी गोडं होईल. मी म्हणालो, माहीत नाही. खडीतून चढाच्या बाजूचं गोडं पाणी येत राहिलं तर दोनतीन पावसाळ्यांत कदाचित. तळघराने त्याची वाट पुरतीच अडवली असेल तर कधीच नाही. मधून मधून उपसा करून पाणी बाहेर काढलं तर मदत होईल, की खारं पाणी आणखी ओढलं जाईल, याबद्दलही जाणकारांची दोन मतं आहेत. मी दोघांना विचारलं होतं. दोन्ही मतं मी त्यांना सांगितली.

"थोडं थोडं काढून बघू," बाबा म्हणाले. "जास्त खारट झालं तर थांबू. दर आठवड्याला चव घ्यायची."

"चव कोण घेणार?" मित्राने विचारलं.

"हा घेईल," बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले. "रविवारी येईल आणि पिऊन सांगेल. खरं काय ते."

तेव्हापासून मी दर रविवारी दादरहून सकाळी जातो. मित्र आणि मी आळीपाळीने रहाट ओढतो, पाणी अंगणाच्या गटारात सोडतो, केळींच्या बाजूला एक थेंब जाऊ देत नाही. मग मी एक घोट तोंडात घेतो. सगळे माझ्या तोंडाकडे बघत असतात. गेल्या महिन्यात मला दोनदा वाटलं की चव थोडी सौम्य झाली आहे. सांगावंसंही वाटलं, कारण काकू फार आशेने बघत होत्या. पण खात्री नव्हती.

"तसंच आहे," मी म्हणालो.

बाबांनी मान हलवली आणि दुसरी बादली काढायला सांगितली.